नंबरवाले सावे

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कपड्यांचे रंग बनवणारा एक कारखाना आहे. तिथे रामनाथ सावे नेटवर्कचं काम बघायचा आणि त्याला सगळे नंबरवाले सावे म्हणत. नाव कुणी चिडवायला ठेवलेलं नव्हतं. कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, टाक्यांवरचे मीटर, जे जे म्हणून तारेला जोडलेलं होतं त्या प्रत्येकाचा पत्ता या माणसाला तोंडपाठ होता. जुन्या पद्धतीत पत्ता म्हणजे मध्ये टिंबं देऊन लिहिलेले चार आकडे. पहिले तीन साऱ्या कारखान्याचे सारखेच, तेव्हा शेवटचा ध्यानात ठेवला की भागलं. माल पाठवणाऱ्या डिस्पॅचवरून फोन आला, "सावे, प्रिंटर चालत नाय," की हा हातातला चहाचा कप खाली न ठेवता विचारणार, "चौदा का सोळा? चौदा असेल तर मागची वायर दाब." आणि वायर खरोखरच सैल निघायची.

माणसांची नावं मात्र त्याच्या डोक्यात राहत नसत. लग्नकार्यात समोर आलेल्या पाहुण्याकडे तो असा हसून बघायचा की प्रेमला, त्याची बायको, मागून हळूच म्हणायची, "माज्या भावांना पण नंबर द्या तुमी, म्हंजे वळखाल तरी."

चिंचणीला त्याची चिकूची लहानशी वाडी होती. वाडीवर घर चालेना म्हणून पालघरला डिप्लोमा केला आणि याच कारखान्यात केबल ओढायला लागला. तिथून वर चढत सर्व्हर रूमच्या खुर्चीत येऊन बसला. मोठ्या कॉलेजातून आलेली पोरं त्याच्या हाताखाली शिकून पुण्याबंगळूरला निघून गेली. त्यांना सगळं येत होतं, पण नंबर पाठ नव्हते. रामनाथला या गोष्टीचा अभिमान होता आणि तो लपवायची त्याला गरजही वाटत नव्हती. माणूस वाईट नव्हता. हे आताच सांगितलेलं बरं, पुढे सांगायची सोय राहणार नाही.

वाडीत चिकू काढायला दरवर्षी विक्रमगडच्या पलीकडच्या पाड्यावरून नवशा यायचा. डोंगरावरची शेती पावसावरची, भात झालं की मोकळी. मग नवशा खाली उतरायचा आणि जाळीचा बांबू घेऊन रामनाथच्या वाडीत कामाला लागायचा. त्याचा मुलगा अंकुश आयटीआयमधून वायरमन झाला, तेव्हा नवशानं एकदाच विचारलं होतं, "भाऊ, तुमच्याकडं काय होईल का याचं?" रामनाथनं ठेकेदाराला शब्द टाकला. अंकुशला गेटपास मिळाला. सालवडला खोली घेऊन तो आणि त्याची बायको मंगळी राहायला लागली. अंकुश शिडीवर चढला की केबल अशी सरळ बांधायचा की बघत राहावं. चार माणसांत तो रामनाथला साहेब म्हणायचा. दोघंच असले की दादा. ही वाटणी अंकुशनं आपली आपणच केली होती आणि रामनाथला ती मनातून फार आवडायची.

मग नवे पत्ते आले.

जगातले जुने पत्ते संपत आलेत, आता नवा प्रोटोकॉल, म्हणजे पत्ते द्यायची नवी पद्धत, कंपनीच्या सगळ्या कारखान्यांनी तो घ्यायचा, असा मुख्य कार्यालयाचा हुकूम निघाला. पालघरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये प्रशिक्षण झालं. शिकवायला मेघाली नावाची मुलगी आली होती, रामनाथच्या लेकीएवढी. पडद्यावर तिनं नवा पत्ता दाखवला. अर्धे आकडे, अर्धी इंग्रजी अक्षरं, मध्ये कोलन, आणि लांबी अशी की एका ओळीत मावेना. शिवाय प्रत्येक यंत्राला असे दोन-तीन पत्ते, आणि ते यंत्र स्वतःच स्वतःला देणार, वर अधूनमधून बदलणार. ज्या गोष्टीवर तो आजवर मान ताठ करून चालत आला, तिचंच काम उरणार नव्हतं.

मेघालीनं विचारलं, "कळलं ना सगळ्यांना? काही शंका?" सगळ्यांत आधी मान डोलावली ती रामनाथनं. "सोपं आहे," असंही म्हणाला. शेजारच्या कारखान्यातल्या लोकांनी त्याच्याकडे बघून आपापल्या माना डोलावल्या आणि सगळे जेवायला उठले.

कारखान्यात परत आल्यावर त्यानं नव्या प्रोटोकॉलचं काम मागे ढकललं. आज सर्व्हर, उद्या कॅमेरे, अशी कारणं काढली. पण नवा प्रोटोकॉल त्याच्या परवानगीसाठी थांबला नव्हता. नवीन कॉम्प्युटरमध्ये तो मुळातच चालू होता, आणि इंटरनेटची लाइन देणाऱ्यांनी आपली यंत्रणा बदलली तेव्हा त्यांच्याकडूनही नवे पत्ते आपोआप आत आले. रामनाथच्या स्क्रीनवर बाहेरून आत येणाऱ्या आणि आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची ओळ उमटायची. त्या नीटनेटक्या ओळींमध्ये आता कोलनवाल्या लांबलचक ओळी घुसायला लागल्या. वाचता येईनात, लक्षात राहीनात. त्यांच्याकडे बघितलं की त्याला हॉलमधली आपली डोलणारी मान आठवायची.

एके दिवशी त्यानं एक चाळणी लावली. कोलन असलेली ओळ दिसूच नये, अशी. त्या चाळणीला नाव द्यावं लागतं, ते दिलं 'कचरा'. स्क्रीन पुन्हा आधीसारखी झाली. चौदा, सोळा, एकसष्ट, सगळे ओळखीचे. त्याचा जीव भांड्यात पडला. त्या ओळी दिसत नव्हत्या म्हणून त्या नव्हत्याच, असं तो मनाशी धरून बसला. जणू वाडीचं पुढचं फाटक त्यानं कुलूप लावून पक्कं केलं होतं, आणि मागचं कुंपण अजून घातलंच नव्हतं, एवढं साधं होतं ते. जुन्या पत्त्यांनी येणाऱ्यांना अडवायचे सगळे नियम होते. नव्या पत्त्यांसाठी एकही नव्हता.

एका शनिवारी सांडपाण्याच्या प्लांटमधल्या कंट्रोल रूमची केबल शोधायची होती. खाली अंकुश, वर रामनाथ, मध्ये फोन.

"दादा, ओढतोय. हलतंय का?"

"नाही. पुढची धर."

"दादा, बॅटरी चाललीय माजी. कटंल आता."

"मग लाव ना चार्जिंगला. समोर कॉम्प्युटर आहे त्याला लाव. फोन बंद करू नकोस, मला परत सगळं पहिल्यापासून करायचं नाही."

"तुमीच पाटी लावलीय ना, लावू नये म्हणून."

"मी सांगतोय ना? लाव."

पाटी रामनाथनंच चिकटवली होती, मराठीत आणि हिंदीत. अंकुशनं खिशातून चार्जरची वायर काढली, फोन कॉम्प्युटरला जोडला. केबल सापडली. दोघंही ती गोष्ट विसरून गेले.

सोमवारी पहिल्या पाळीला सगळे कॉम्प्युटर गोठले. स्क्रीनवर एकच मजकूर, की तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत. ऑपरेटरांनी हातानं व्हॉल्व्ह बंद केले म्हणून अपघात टळला, पण टाकीतला माल वाया गेला आणि कारखाना बंद पडला. सुजीत, कारखान्याचा मॅनेजर, धावत सर्व्हर रूममध्ये आला. "सावे, कुठून आलं हे?"

बाहेरून येणाऱ्यांची नोंद करणारी पेटी आणि कॅमेऱ्यांची पेटी वेगळ्या होत्या, त्या आपल्या स्क्रीनसकट शाबूत होत्या. रामनाथनं स्क्रीन वरपासून खालपर्यंत बघितली. पुन्हा बघितली. सगळे नंबर ओळखीचे होते. "बाहेरून कोणीही आलेलं नाही, साहेब," तो म्हणाला. आयुष्यात इतक्या खात्रीनं तो क्वचित बोलला असेल.

बाहेरून नाही, तर मग आतून. कॅमेऱ्यांची चित्रं काढली. शनिवारी कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरला फोन लावणारा अंकुश त्यात स्वच्छ दिसत होता, मागे भिंतीवर रामनाथची पाटी. सुजीतनं त्याला केबिनमध्ये बोलावलं. रामनाथही तिथेच उभा होता.

"पाटी वाचता येते ना? मग कोणाला विचारून लावलास?"

अंकुशनं सुजीतकडे नाही, रामनाथकडे बघितलं. रागानं नाही. शिडीवरून पक्कड मागताना बघायचा तसं, की आता वर हात येईल. रामनाथनं नजर जमिनीकडे नेली. एका शब्दाचं काम होतं. पण ती पाटी त्याची होती, हुकूमही त्याचा, आणि सारा कारखाना बंद पडला होता. तो मूग गिळून बसला. अंकुश सुजीतकडे वळला आणि म्हणाला, "चुकलं, साहेब."

गेटपास तिथल्या तिथे काढून घेतला. चार्जर पुरावा म्हणून सुजीतच्या खणात गेला. असली बातमी वसाहतीत शिफ्टच्या बसबरोबर फिरते. संध्याकाळपर्यंत इतर ठेकेदारांनाही अंकुशचं नाव कळलं होतं.

मुख्य गेटचा कॅमेरा म्हणजे एकसष्ट नंबर. दुपारी रामनाथच्या स्क्रीनवर एकसष्टमध्ये अंकुश दिसला, गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसलेला. चार वाजता तो तिथेच होता. सुटायच्या वेळेला वॉचमन त्याच्याशी काहीतरी बोलला, तरी तो तिथेच होता. कोणाची वाट बघतोय, हे सांगायला कोणी नको होतं. रामनाथनं डबा पिशवीत घातला, स्कूटर काढली आणि टँकर आत येतात त्या मागच्या गेटनं बाहेर पडला. सालवडचा रस्ता टाळून लांबच्या वाटेनं घरी गेला. जेवण गेलं नाही. प्रेमलानं विचारलं, "बरं नाय का?" तर म्हणाला, "कारखान्याचा ताण." लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय हे कळत होतं. सांगायचं कोणाला, तेवढंच कळत नव्हतं.

कारखाना पुन्हा सुरू झाला, दिवाळी झाली, चिकू तयार झाले आणि नवशा खाली उतरला, नेहमीसारखा. हा येणारच नाही, अशी रामनाथची मनातल्या मनात आशा होती. म्हाताऱ्यानं शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. पण नवशानं बांबू घेतला, जाळी तपासली, झाडाखाली उभा राहिला. अंकुश सालवडची खोली सोडून मंगळीसह पाड्यावर परतल्याचं आणि गवताच्या वखारीत गाठी बांधायला जात असल्याचं प्रेमलानंच त्याच्याकडून काढून घेतलं. चहा पिऊन कप विसळता विसळता नवशा रामनाथला म्हणाला, "भाऊ, त्याचा चार्जर राह्यलाय तिकडं. मिळंल का? तो नाय बोलला, मीच विचारतो."

"बघतो," रामनाथ म्हणाला आणि उगाचच विहिरीकडे निघून गेला. पंप चालूच होता. तो बंद केला, परत चालू केला. मुलगा दोषी ठरला, आणि बाप मागतोय काय तर चार्जर.

त्यानंतरच्या आठवड्यात मेघाली कारखान्यात आली. नव्या प्रोटोकॉलवर जायचं काम आता टाळता येणार नव्हतं, आणि त्याआधी आहे ते सगळं तपासायचं होतं. ती रामनाथच्या खुर्चीत बसली, तो बाजूला स्टूलवर.

"काका, हे 'कचरा' काय आहे?"

"ते... नको असलेल्या ओळी."

तिनं चाळणी काढली. स्क्रीन खालपासून वरपर्यंत कोलननी भरून गेली. मेघाली मागे मागे जात राहिली, त्या रविवारपर्यंत, ज्याच्या दुसऱ्या दिवशी कारखाना बंद पडला होता. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. बाहेरच्या कुठल्याशा पत्त्यावरून कोणीतरी डिस्पॅचच्या कॉम्प्युटरपर्यंत थेट आलं होतं. त्या कॉम्प्युटरनं कुठल्यातरी भामट्या साइटला आपला पत्ता देऊन ठेवला होता, आणि वाटेत अडवणारं कोणी नव्हतं. खाली त्याच पाहुण्याच्या ओळीमागून ओळी होत्या. तो दिवसभर आत-बाहेर करत होता.

"इथून आलं," ती म्हणाली. "तुमच्या रिपोर्टमधल्या फोनचा काही संबंध नव्हता."

चौदा नंबर असो की सोळा, रामनाथला त्या क्षणी एकही आठवला नसता.

मेघालीनं त्याच्याकडे बघितलं आणि तिला काय समजायचं ते समजलं असावं. हळू आवाजात म्हणाली, "ही चाळणी आधी कोणीतरी लावून गेलं असेल. मी रिपोर्टमध्ये 'सेटिंगमधली त्रुटी' एवढंच लिहिते. अशा चुका सगळीकडे होतात, काका."

दार उघडं होतं. रामनाथनं फक्त हो म्हणायचं होतं, आणि त्याच्यावर कधीच काही आलं नसतं. सुजीतला कारण मिळालं असतं, मुख्य कार्यालयाला रिपोर्ट. आणि अंकुशची आठवण कोणालाच झाली नसती. फोन तर त्यानं लावलाच होता, मग पास परत कशाला द्यायचा? गवताच्या गाठी बांधणाऱ्या माणसासाठी कोण फाईल उघडतंय? कट्ट्यावरचा अंकुश रामनाथच्या डोळ्यांसमोर आला. तो उठला. "चल माझ्याबरोबर," मेघालीला म्हणाला, कारण एकट्यानं गेलो तर वाटेतून परत फिरू, हे तो स्वतःला पुरता ओळखून होता.

सुजीतच्या टेबलासमोर उभं राहून त्यानं बोलायला सुरुवात केली, आणि आवाज इतका बारीक निघाला की सुजीतला दोनदा विचारावं लागलं.

"चाळणी मी लावली होती, साहेब. आणि अंकुशला फोन लावायलाही मीच सांगितलं होतं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

सुजीतनं पेन खाली ठेवलं. "अहो, मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"पहिल्याचं मला कळत नव्हतं," रामनाथ म्हणाला. "दुसऱ्याचं कळत होतं."

सुजीत चिडला असता तर हलकं वाटलं असतं, पण तोच अवघडून गेला. रिपोर्ट वर गेलाय, नाव गेलंय, आता सगळं बदलायचं म्हणजे... असं काहीबाही बोलत राहिला. रामनाथ हलला नाही. अंकुशचा पास परत मिळेल आणि बाकीच्या ठेकेदारांनाही कळवू, हे त्याच्या तोंडून वदवून घेतल्यावरच तो खुर्चीवर बसला. स्वतःचं काय व्हायचं ते झालं. नेटवर्क त्याच्याकडून काढलं आणि केबलच्या स्टोअरवर बसवलं. ते त्याला शिक्षेसारखं वाटलंच नाही.

जाताना मेघाली जिन्यात थांबली. "काका, त्या दिवशी हॉलमध्ये निम्म्या लोकांना काही कळलं नव्हतं. मला दिसत होतं. कोणीतरी विचारेल म्हणून मी थांबले होते." तिनं ते दोष द्यायला म्हटलं नव्हतं. पण रामनाथला वाटलं, एवढं तरी तिनं सांगायला नको होतं.

रविवारी सुजीतच्या खणातून मागून घेतलेला चार्जर खिशात घालून तो मनोरवरून विक्रमगडकडे निघाला. वखार रस्त्याला लागूनच होती. अंकुश ट्रकवर चढून गाठी रचत होता, त्याच्या केबलसारख्याच सरळ. रामनाथला बघून खाली उतरला, हात पुसले. बाकीची माणसं जेवायला पाड्यावर गेली होती.

"चार्जर," रामनाथनं पुढे केला.

"नवा घेतला मी. असू द्या, मंगळीला होईल."

रामनाथनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चाळणी, कोलन, मेघाली, सुजीत. पास परत मिळाला आहे, हेही सांगितलं. अंकुशनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाला, "मला वाटलं तुमी विसरला असाल. घाईत बोललेलं माणूस विसरतो. मी बायकोला पण तसंच सांगितलं, दादा विसरलं."

"विसरलो नव्हतो."

अंकुश हातावरचं गवत काढत राहिला. "त्या दिवशी मी गेटावर बसलो होतो. वाचमन बोलला, भाई, अब जा. मी बोललो, दादा सुटतील, मग जातो. तुमी दिसला नाय. कामात अडकला असाल."

बाहेर पडायला इथेही एक वाट होती, आणि ती अंकुशनंच काढून दिली होती. होय, कामात अडकलो होतो, एवढं म्हटलं की झालं. गेटचा कॅमेरा वर कोण बघतं, हे अंकुशला कुठं ठाऊक होतं.

"तू बसलायस ते मला स्क्रीनवर दिसत होतं," रामनाथ म्हणाला. "दुपारपासून. म्हणून मी टँकरच्या गेटनं गेलो."

अंकुशचे हात थांबले. त्यानं रामनाथच्या तोंडाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. ट्रकच्या दोऱ्याचं टोक लोंबत होतं, ते त्यानं ओढून गाठ घट्ट केली आणि तपासून बघितली.

"कामाला कधीपासून यायचं?"

"उद्यापासून ये."

"येतो," अंकुश म्हणाला आणि ट्रकवर चढायला वळला. चाकावर पाय ठेवून थांबला. आजूबाजूला ऐकणारं कोणी नव्हतं.

"येतो, साहेब."